मागून बसलेली गाडी

आबा, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही माझी पत्रं आईच्या नावानेच यायची. ती मोठ्याने वाचायची आणि तुम्ही भट्टीकडे तोंड करून, भात्याचा हात न थांबवता ऐकायचात, असं तिनेच मला नंतर सांगितलं. आज लिहायला बसलोय, कारण गेल्या महिन्यात इथे आखातात, मुसफ्फात आमच्या वर्कशॉपला एक गाडी आली, आणि ती आल्यापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलत नाही.

पिकअप होती. पुढे चार माणसांची केबिन आणि मागे हौदा, पण त्या हौद्यात एक अख्खी खोली बसवलेली. असल्या खोलीला इथे कॅम्पर म्हणतात. आत पलंग, शेगडी, मोरी, फ्रीज, सगळं. वाळवंटात जायचं, उभं राहायचं आणि तिथेच राहायचं, घर पाठीवर घेऊन. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसला असता. मीही तेच केलं. गाडी मागून एवढी बसलेली की चाक आणि वरची कमान यांच्यामध्ये माझी दोन बोटंसुद्धा जाईनात. पुढचं नाक वर. स्प्रिंगचे पाटे सपाट होऊन उलटे वळायला लागलेले, आणि त्यांच्यावरचे रबर चेपून भाकरीसारखे झालेले. खालचा धक्का आता थेट चासीला बसत असणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडीचे मालक पुण्याचे. इथे तेलाच्या कुठल्याशा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, पन्नाशीचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. म्हणाले, "मागच्या पाट्यांना आधार म्हणून हवेच्या एअरबॅग टाकून घेतल्यात दुसऱ्या वर्कशॉपमधून. हवा भरली की वर येते, पण रस्त्यावर डोलते. ट्रक बाजूने गेला की स्टिअरिंग हातात राहत नाही. तुम्ही जास्त ताकदीच्या एअरबॅग टाका. मला लेव्हल हवी आहे, बस." मी खाली वाकून बघतच होतो, तेवढ्यात आमचा मॅनेजर आला. केरळचा आहे, माणूस चांगला, पण घाईचा. म्हणाला, "भाई, कस्टमर एअरबॅग बोलता है तो एअरबॅग डालो, खलास. शाम को गाडी जाना मंगता."

आणि तेव्हा केबिनची खिडकी खाली झाली. आत एक बाई बसल्या होत्या. केस पांढरे होऊ दिलेले, चष्मा, डोळे फार जागे. त्यांनी मराठीत विचारलं, "तुम्ही एवढा वेळ खाली काय बघताय?" मी म्हणालो, "मॅडम, गाडी काय सांगते ते बघतोय." बोलून गेलो आणि मग कळलं की हे शब्द माझे नव्हते.

आबा, तुमचं ते बघणं मी आयुष्यात दुसऱ्या कुणाजवळ पाहिलं नाही. चिपळूणबाहेरच्या आपल्या शेडसमोर ट्रक लागतो, ड्रायव्हर अजून उतरलेलाही नसतो, आणि तुम्ही मागे उकिडवे बसलेले असता. बिडी कानावर. एक डोळा मिटलेला. मग उठून पान्याने एकेका पाट्यावर टकटक करता, मान तिरकी करून ऐकता आणि म्हणता, "उजवीकडचा तिसरा गेलाय." ड्रायव्हर म्हणतो, दिसत तर नाही. तुम्ही खोलायला घेता, आणि उजवीकडचा तिसरा पाटा मधोमध चिरलेला निघतो, दर वेळी. मी आठवीत असेन, माझी समजूत होती की तुम्हाला लोखंडाची भाषा येते. इथे आल्यावर यंत्रं पाहिली, चिरा शोधणारे दिवे पाहिले, सगळं शिकलो. पण पान्याची ती टकटक मला आजही येते तेवढीच येते. अर्धी.

तर मी मॅनेजरला सांगितलं, आधी वजन. त्याने कपाळाला हात लावला. पण रस्त्यापलीकडेच भंगारवाल्यांचा वजनकाटा आहे, अर्ध्या तासाचं काम. मी साहेबांना म्हटलं, काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग फक्त मागची. कागद आले. मागच्या चाकांवर, गाडीच्या दारावर लिहून ठेवलेल्या मर्यादेपेक्षा तीनशे किलो जास्त होते. त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल पुढच्या आकड्याचं होतं. एवढं घर पाठीवर घेऊनही पुढच्या चाकांवरचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी भरलं होतं.

साहेब म्हणाले, काटा बिघडला असेल. बाईंनी हात बाहेर काढून कागद मागितला, बघितला आणि म्हणाल्या, "अरे, सी-सॉ आहे हा. मागच्या चाकांच्या मागे काहीतरी जड लटकतंय, ते पुढचं उचलतंय." त्या शाळेत गणित शिकवायच्या, हे मला मागाहून कळलं. त्या म्हणाल्या ते अगदी बरोबर होतं. मागच्या दाराला एक इलेक्ट्रिक लिफ्ट बसवलेली होती, व्हीलचेअर वर घ्यायची. साहेबांनी मागची बाजू उघडून ती खाली आणली, खुर्ची काढली आणि बाईंना केबिनमधून उचलून खुर्चीत बसवलं. किती सवयीने, किती जपून. तीन वर्षांपूर्वी मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे पाय गेले होते. त्याआधी दर हिवाळ्याला दोघं तंबू घेऊन वाळूत जायची. आता तंबू जमत नव्हता म्हणून हे घर. आणि हे घर त्यांना जवळच्या किनाऱ्यापलीकडे अजून कुठेही नेऊ शकलं नव्हतं. पहिल्याच लांबच्या सफरीत गाडी एवढी डोलली की अर्ध्या वाटेतून परतावं लागलं होतं.

मला विचाराल तर एअरबॅग वाईट नाही. वजन हद्दीत असेल आणि गाडी थोडी वाकत असेल तर चांगली आहे. पण ती वजन पेलायची हद्द वाढवत नाही. टायर तेच, एक्सल तोच, ब्रेक तेच. हे मी साहेबांना सांगत होतो आणि मला चिऱ्यांचा तो ट्रक आठवत होता.

मी एकोणीस वर्षांचा आहे. तुम्ही लग्नाला गेला आहात आणि शेड माझ्यावर आहे. जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक येतो, मागून पार बसलेला, कऱ्हाडला जायचाय. ड्रायव्हर म्हणतो, एक पाटा वाढव म्हणजे चौकीवर कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. मी वाढवतो. गाडी वर येते. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटतो. तुम्ही संध्याकाळच्या आत परत येता, मी हौसेने सांगतो, आणि तुमचा चेहरा बदलतो. तुम्ही समोरच्या टपरीवाल्याची लुना मागून घेता. मला मागे बसवता, माझ्या मांडीवर पान्यांची पिशवी. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला तो ट्रक चहाला थांबलेला सापडतो. तुम्ही ड्रायव्हरशी एक शब्द न बोलता ट्रकवर चढता आणि चिरे उतरवायला लागता, लग्नाचा सदरा अंगात तसाच. ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या देतो. तुम्ही उतरवत राहता. मी खालून घेतो आणि रस्त्याच्या कडेला रचतो. लाल धूळ घामावर बसून तुमचा सदरा विटेसारखा होतो. शंभर चिरे तरी उतरवले असतील आपण. शेवटी त्या ड्रायव्हरनेच चहाचा ग्लास ठेवला आणि हात लावला.

आपण परतलो तेव्हा घरी आई विळीवर बांगडे कापत बसली होती. ती विळी तुम्हीच तुटलेल्या पाट्याची तिला करून दिलेली, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि ती सगळ्या वाडीला सांगायची की अशी धार बाजारात मिळत नाही. तुम्ही चुलीसमोर पाटावर बसलात, हात धुतलेले पण नखांत लाल माती, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "गाडी वर आली म्हणजे वजन गेलं काय? बसलेली गाडी खरं सांगत होती. तू तिला खोटं बोलायला शिकवलंस." आई कापायची थांबली. मी जेवलो नाही. मला वाटलं, शंभर चिरे उतरवल्यावर तरी हे बोलायला नको होतं. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि मला त्या बोलण्याचं काही वाटत नाही. मला वाटतं ते त्या चिऱ्यांचं. एका अनोळखी माणसाच्या ब्रेकची काळजी म्हणून, त्याच्या शिव्या खात, लग्नाच्या सदऱ्यात, एकेक करून.

इथे चिरे नव्हते, पण उतरवायचं तेच होतं. मी साहेबांना म्हटलं, सर, घर रिकामं करूया, सगळं बाहेर काढून बघूया. ते म्हणाले, त्याची गरज नाही, आत सगळं गरजेचंच आहे. बाई म्हणाल्या, काढा. आम्ही वर्कशॉपच्या सावलीत एक ताडपत्री अंथरली आणि वस्तू काढत गेलो. एक जनरेटर. तो बंद पडला तर म्हणून दुसरा जनरेटर. चार बॅटऱ्या. पाण्याची मोठी टाकी काठोकाठ भरलेली, आणि ती फुटली तर म्हणून आठ कॅन. घडीची दुसरी व्हीलचेअर. औषधांच्या दोन पेट्या, दोन्हींत तेच. मॅनेजरसुद्धा येऊन बघत उभा राहिला. ताडपत्री भरली. साहेब प्रत्येक वस्तूमागे सांगत होते, ही का लागेल. आवाज हळूहळू बारीक होत गेला.

बाई खुर्चीतून सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "यातलं माझ्यासाठी किती आहे रे? माझ्यासाठी एक खुर्ची, एक पेटी आणि पाणी. बाकीची सगळी तुझी भीती आहे."

मी पान्याशी चाळा करत दुसरीकडे बघितलं. असं काही ऐकायला आपण तिथे असायला नको होतं, असं वाटतं ना, तसं.

"आणि ती लिफ्टही काढा," बाई मला म्हणाल्या. "फळीचा रॅम्प होईल का, घडीचा? पुढे ठेवता येईल असा?"

"होईल मॅडम. अ‍ॅल्युमिनियमचा करून देतो. लांब करावा लागेल, म्हणजे चढ कमी राहील."

"रॅम्पवर तुझा तोल गेला तर?" साहेब म्हणाले.

"तू धरशील की. आत्ता धरतोसच ना रोज."

त्यांनी मान हलवली. शेवटी हो म्हणाले.

मग चार दिवस काम चाललं. मॅनेजर पहिल्या दिवशी कुरकुरला, दुसऱ्या दिवशी स्वतः चहा घेऊन आला. लिफ्ट काढली, दुसरा जनरेटर, दुसरी खुर्ची, दोन बॅटऱ्या काढल्या. उरलेल्या बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या पुढे, केबिनला चिकटून घेतली. टाकी निम्मीच भरायची असं ठरलं. पुन्हा काट्यावर नेली, तेव्हा मागचं वजन हद्दीच्या आत आलं होतं आणि पुढचं जिथे हवं तिथे परतलं होतं. तोपर्यंत मी पाट्यांना हात लावला नव्हता. गाडी अर्धी तर तशीच वर आली होती.

मग पाटे खोलले. इतके महिने उलटे वाकून ते मेल्यासारखे झाले होते. आमच्याकडे आता घण नाही, मोठा प्रेस आहे. पाटा ठेवायचा, बोट जाईल एवढं दाबायचं, मापाशी लावून बघायचं, पुन्हा दाबायचं. पण वळणाचा अंदाज प्रेस देत नाही. तो कुठून येतो मला ठाऊक आहे. तुम्ही भट्टीतून केशरी झालेला पाटा काढता, ऐरणीवर धरता आणि मारता ते एकाच ठिकाणी कधीच नाही, टोकाकडून मध्याकडे आणि मध्याकडून टोकाकडे, आणि सपाट लोखंडाला हळूहळू पोट सुटत जातं. कुठे थांबायचं हे तुम्ही कधी मोजलं नाहीत. मी मोजलं, दहा वेळा मोजलं, कागदावर मांडलं, आणि जो आकडा आला त्याला माझ्या हाताने आधीच होकार दिला होता. आबा, एवढी वर्षं इथे राहून मला वाटत होतं तुमचं सगळं पुसलं गेलं. ते हातात बसून होतं.

दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला, आता तो वाढवायला हरकत नव्हती. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घातले. तुम्ही जुना यू-बोल्ट कधी परत वापरू दिला नाहीत, तो एकदा ताणला की त्याचा भरवसा नाही म्हणायचात. आमच्या पुस्तकातही तेच छापलंय, फक्त पाच ओळींत. एअरबॅग राहू दिल्या, थोड्याच हवेवर, चढउतार सांभाळायला. दिव्यांचा झोत खाली घेतला, इतके दिवस ते समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते. जॅक काढला. गाडी खाली आली, जराशी दबली आणि सरळ उभी राहिली. मॅनेजर म्हणाला, "माशाल्ला." सगळे गाडीकडे बघत उभे राहिले. मला तुमच्या शेडमधला तो क्षण आठवला, जॅक सुटल्यावर सगळे एकदम गप्प होतात तो. तुम्ही मात्र त्याच वेळी बिडी पेटवायला वळायचात, जणू बघण्यासारखं काही नाहीच.

शंभरेक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. साहेबांनी विचारलं, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर, रविवारी. आम्ही लिवाच्या वाळवंटाकडे जातोय. मॅनेजर म्हणाला, "यल्ला, जाओ." मला या देशात पंचवीस वर्षं झाली, आबा. कामगारांचा कॅम्प, बस, वर्कशॉप, बस, कॅम्प. वाळवंट मी खिडकीतून पाहिलेलं, हमरस्त्याच्या कडेला पसरलेलं मळकं काहीतरी. मला वाटायचं एवढंच असतं.

दुपारी जेवून निघालो. साहेब सुरुवातीला स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. एक मोठा ट्रेलर शेजारून गेला, गाडीला त्याचा वारा लागला आणि गाडी सरळ राहिली. साहेबांनी एक हात सोडला आणि मांडीवर ठेवला. बाईंनी तो धरला. मी मागच्या सीटवर बसून पाट्यांचा आवाज ऐकत होतो. कुरकुर नाही, ठोका नाही.

आणि मग लिवाच्या पुढे रस्ता वळला आणि डोंगर दिसले. मला खरंच डोंगर वाटले, सह्याद्रीएवढे. वाळूचे होते. दुपार उतरणीला लागलेली, एक बाजू केशरी, एक बाजू काळसर, आणि मधली कड कुणी सुरीने काढल्यासारखी. त्या कडेवरून वाळू धुरासारखी उडत होती. ते सगळे वळलेले होते आबा, एकेक डोंगर वळलेला, टोकाकडून मध्याकडे. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पंचवीस वर्षं हे दोन तासांवर होतं.

साहेबांनी टणक जागा बघून गाडी लावली, रॅम्प लावला, खुर्ची खाली उतरवली. बाई रॅम्पवरून आल्या, हळू, साहेब उलटे चालत, दोन्ही हात पुढे करून. खाली पोचल्यावर त्यांनी वाकून मूठभर वाळू घेतली आणि बोटांतून सोडली. पुन्हा घेतली. साहेब लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले, बराच वेळ. मी गाडीखाली गेलो आणि आठही नट आवळले. पाव फेरा प्रत्येकी, जास्त नाही. खालून मला बाईंच्या खुर्चीची चाकं दिसत होती आणि त्यांच्यापलीकडे तो सगळा केशरी पसारा. मला वाटलं, हे तुम्ही बघायला हवं होतं. तुम्ही रत्नागिरीच्या पलीकडे कधी गेला नाहीत.

बाहेर आलो तेव्हा बाईंनी विचारलं, "कोकणातले ना तुम्ही? बोलण्यावरून वाटलं." मी हो म्हणालो. "हे कुठे शिकलात? आधी वजन काढायचं, मग लोखंडाला हात लावायचा. आम्ही इतक्या ठिकाणी गेलो, कुणी असं केलं नाही. कुणी शिकवलं?"

मी हात पुसत होतो. आपली शेड माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, पत्र्याची, बाजूला तेलाने काळी झालेली माती, तुम्ही बनियनवर, चौथी शिकलेले. समोर पुण्याच्या बाई, गणिताच्या. मी म्हणालो, "इथेच मॅडम. मुसफ्फात. कंपनीने ट्रेनिंग दिलं."

त्या म्हणाल्या, "चांगली कंपनी आहे." मी हो म्हणालो.

त्यांचा नंबर जॉबकार्डावर आहे. एक फोन केला तर दोन मिनिटांत खरं सांगून होईल. त्याला आता अकरा दिवस झाले. दोनदा नंबर काढला आणि मोबाइल खिशात ठेवला. त्यापेक्षा हे चार कागद लिहिणं मला सोपं गेलं.